चिपाडाचा बर्फ

दादाचे दोन्ही पाय गाडीच्या फूटरेस्टला चामडी पट्ट्यांनी बांधलेले होते आणि गाडी पेटलेल्या चिपाडाच्या मधोमध उभी होती. वाळल्या चिपाडाची आग आधी धूर करत नाही. एकदम जाळ उठतो आणि नवं कापड टराटरा फाडावं तसा आवाज होतो. तो आवाज मला लहानपणापासून ठाऊक होता, पण तो चुलवाणाच्या आतला. उघड्या रानात मी तो पहिल्यांदाच ऐकला. दादा वाकून गाठी सोडवायला बघत होता. त्याच्या हाताच्या बोटांची शेंडं आधीच गेलेली, त्याला साधी गुंडी लावता येत नव्हती, तर गाठ काय सुटणार. आबा ऊस तोडायचा कोयता घेऊन बांधावरून आत उतरले. आईनं मागून त्यांचं धोतर धरलं, ते तिच्या हातातून सुटलं. दगडूमामा ओरडला, “दाजी, समोरनं न्हाय! वाऱ्याच्या पाठीमागनं चला!” आबांनी ऐकलं नाही. पाठीमागून जायचं तर अख्ख्या रानाला वळसा होता.

ढोकीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं गुऱ्हाळ होतं. तिथं आता टायरचं दुकान आहे. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड गावातून गुऱ्हाळावर यायचं ते ऊन तापेपर्यंत तिथंच. दोन पत्र्याच्या खोल्या, बाकी सगळा संसार छपराखाली. पहाटे ऊस पिळायच्या चरकाचं इंजिन ठकठक सुरू झालं की ते दिवस मावळेपर्यंत कानात बसलेलं असायचं, त्यामुळं आमच्या घरातली माणसं मोठ्यानं बोलतात. अजून बोलतात. उसाचा रस हौदात, हौदातून काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, काहिलीखाली चुलवाण, आणि चुलवाणाच्या तोंडाशी दगडूमामा. तो आईचा धाकटा भाऊ. बायको वारल्यावर तो आमच्यातच राहिला आणि जाळ घालायचं काम त्यानं धरलं. आबा काहिलीवर उभे राहून रसाचे बुडबुडे बघायचे आणि कधी उतरवायची ते सांगायचे. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. गुळाचा वास लोकांना लई आवडतो म्हणे. बारा तास त्या वासात राहिलं की मळमळतं. आम्हाला तिखट लागायचं. आई येसराची आमटी करायची, डोळ्यांतून पाणी काढणारी, आणि तिच्यात ज्वारीची भाकरी कुस्करून आम्ही खायचो. काकवीत मळलेल्या दशम्या पाहुण्यांना.

रस काढल्यावर उसाचा जो चोथा उरतो ते चिपाड. ते मागच्या रानात पांगवून वाळवायचं आणि वाळलं की चुलवाणात घालायचं. माझी शाळा चौथीत सुटली, त्यानंतर चिपाड पांगवणं, उलथणं, ओढून आणणं हे माझं काम. उन्हानं ते पांढरं पडतं, हलकं होतं, गुडघाभर पसरलं की पाय टाकला तिथं आत जातो. त्या रानाजवळ बिडी ओढणाऱ्या माणसाला आबा हाकलून द्यायचे, मग तो सोयरा असो नाहीतर ऊस घेऊन आलेला बागायतदार.

दादा माझ्याहून मोठा. अंकुश त्याचं नाव. फौजेत गाड्या दुरुस्त करायच्या कामावर होता. उत्तरेला बारा महिने बर्फ असतो तिथं त्याला पाठवलं, आणि तिथून तो घरी आला तो काठी टेकत. दोन्ही पायांची बोटं बर्फानं गेली होती, हाताच्या बोटांची शेंडंही. आमच्याकडं बोट जातं ते चरकात. थंडीनं बोट जातं हे कुणाला पटेना. बाया आईला आडून विचारायच्या, “आक्का, खरं सांगा, बॉम्बगोळ्यात गेली न्हवं?” आई म्हणायची, “व्हय, बॉम्बगोळ्यात,” आणि विषय संपवायची. दादा भिंतीकडं तोंड करून पडून असायचा. ताट ठेवलं तर ते तसंच मागं यायचं. एक दिवस भर दुपारी मी पाण्याला गेले तर तो विहिरीच्या काठावर बसलेला. त्याचे ते खास करून घेतलेले बूट शेजारी काढून नीट जोडीनं ठेवले होते. पाण्यात उतरून पोहण्याएवढे त्याचे पाय राहिले नव्हते, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. मी घागर खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसले. बोलला तोच.

“शाले, माजा जोडीदार माज्यासमोर बसून गेला गं.”

मग त्यानं सांगितलं. दोघं बर्फावरच्या गाडीवरून सामान घेऊन चालले होते. पुढं दोन पट्ट्या, मागं फिरता पट्टा, अशी गाडी. ती भुसभुशीत बर्फात रुतली. लई जड. दोघांनी जीव लावून उचलली तरी मागची बाजू हलेना. शेवटी चालत निघाले. वाटेत जोडीदार म्हणाला, जरा बसतो. बसला तो उठलाच नाही. “दोघांना उचलंल अशी गाडी असती तर तो आज पोराबाळांत असता,” दादा म्हणाला. “तशी गाडी व्हतीया. म्या मनात जुळवलीया सगळी.”

मी आबांना बूट कुठं होते ते सांगितलं. गाडीचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाच्या अंगावरची वाकळ ओढली आणि विचारलं, “काय काय लागतंय तुला, ते सांग.” पुढं लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं पोराचे लाड केले. लाड नव्हते ते. पोरगं विहिरीपासून लांब राहावं एवढंच त्यांना हवं होतं, आणि ती गाडी सोडून दुसरं काही त्याला लांब ठेवत नव्हतं.

मुरूमला एका गॅरेजात अपघातात चेपलेली छोटी मोटार पडून होती, तिचं इंजिन आणलं. दादाला फोर-स्ट्रोकच पाहिजे होतं. वरच्या गाड्यांचं इंजिन टू-स्ट्रोक, ते पेट्रोल लई पितं, आणि जिथं पेट्रोल माणसाच्या पाठीवरून जातं तिथं ते परवडत नाही, असं त्याचं म्हणणं. पण फोर-स्ट्रोक वजनाला जड. म्हणून बाकी सगळं हलकं करायचं. सांगाडा पिकावर पाणी उडवायच्या ॲल्युमिनियमच्या पाईपांचा. मागचा फिरता पट्टा मळणी यंत्राच्या पट्ट्यांचा, त्यावर आडव्या पट्ट्या रिव्हेट मारून बसवलेल्या. पुढच्या दोन पट्ट्यांसाठी त्यानं बांबू चिरले आणि काहिलीच्या वाफेवर धरून त्यांची टोकं वर वाकवली. ते बांबू धरून मी तासन्‌तास उभी असायची, हाताला फोड यायचे. प्रत्येक वस्तू आधी गुळाच्या काट्यावर चढायची. लोखंडी पट्टी असली की तिला भोकं पाडून चाळणी करायची. बोल्टाचं जास्तीचं टोक कापायचं. आई म्हणायची, “आता भाकरीबी तोलून खातंय का बघा.” पण तो खायचा. ताट रिकामं मागं यायला लागलं होतं, आणि आई भाकरी थापता थापता गुणगुणायची.

सोलापूरच्या भंगारातून त्यानं एका परदेशी जनरेटरचा टर्बो आणला. नारळाएवढी वस्तू, गोगलगाईसारखी गुंडाळलेली. आबांनी ती हातात घेऊन फिरवून बघितली.

“ह्यानं काय व्हतंय?”

“तितं वर हवा इरळ असती, आबा. माणसालाच दम पुरत न्हाय, इंजिनाला कुटनं पुरायचा? ह्यो हवा दाबून आत घालतो.”

“म्हंजे भाता.”

“भाताच. पर त्याला चालवायला माणूस लागत न्हाय. इंजिनाचा धूर भाईर पडतो, त्याच्या जोरावर ह्यो फिरतो.”

आबांनी तो पुन्हा उलटा करून बघितला. “म्हंजे चुलवाणाच्या धुरानंच चुलवाण फुकायचं.”

“आता कळलं तुमाला.”

“कळलं. पर धूर गरम असतो, अंकुश.”

“असू दे की. बर्फात चालायची हाय. पट्टा बर्फ उडवतो, ते गार करतंय.”

टर्बोवर आधी पत्र्याचं झाकण होतं. ते दादानं वजनासाठी काढून टाकलं. दगडूमामा म्हणाला, “झाकण तरी ऱ्हाऊ दे की रं.” दादा म्हणाला, “मामा, तुमी चुलवाण बगा.” मामानं बघितलं नाही, दोन दिवस रुसून बसला. मग दादानंच त्याला तंबाखू मळून दिली.

गाडी चालवून बघायची तर बर्फ कुठला. चिखलात नेली तर काळी माती पट्ट्यात भरून बसली. मग दादाचं लक्ष चिपाडाकडं गेलं. चरकातून नुकतंच पडलेलं ओलं चिपाड त्यानं पसरायला लावलं आणि मला म्हणाला, “बस.” माझं वजन घरात सगळ्यांत कमी, आणि माझ्या पायांना बोटं होती. मी त्याची फौजेतली पँट कमरेला सुतळी बांधून घातली. आईनं कपाळाला हात लावला. “हिला कोण करंल आता? सोयरीक घेऊन आलेलं माणूस रस्त्यावरनंच माघारी जाईल.” मला तोवर सायकलही येत नव्हती. पहिल्यांदा दांडा पिळला तेव्हा मी ओरडत होते आणि दगडूमामा माझ्यामागं पळत ओरडत होता, “सोड, सोड!” काय सोडायचं ते कुणी सांगितलंच नाही. पुढं मला चांगली जमली. टर्बो शीळ घातल्यासारखा वाजायचा. त्यावर ओलं बारदान टाकलेलं असायचं, त्यातून वाफ निघायची. दर फेरीनंतर मामा त्यावर तांब्याभर पाणी घालायचा.

नातवानं मध्ये मला मोबाईलवर तसल्या गाड्या दाखवल्या. पांढऱ्या डोंगरावरून उड्या मारणाऱ्या, रंगीत. “आजी, तू असली चालवलीस? फेकू नको.” मी मोबाईल परत दिला.

एकदा दादानं खड्डा काढायला लावला आणि गाडीची मागची बाजू त्यात घातली. म्हणाला, “आई, तू हिकडनं धर. शाले, तू तिकडनं.” आम्ही पदर खोचून जोर लावला आणि गाडी खड्ड्याच्या वर आली. दोन बायकांनी उचलली. दादा काठी टाकून खाली मातीत बसला आणि त्यानं तोंड फिरवलं. आबांनी त्या दिवशी काहील लवकर उतरवली. गूळ मऊ झाला, तरी ते कुणावर चिडले नाहीत.

मग दादानं त्याच्या जुन्या साहेबांना बोलावलं. ते सुट्टीवर सोलापूरला आले होते. साहेबांनी गाडी बघितली आणि वर शब्द टाकला, तर गाडी तिथं जाईल, आणि गाडीबरोबर गाडी जाणणारा माणूसही लागेल, असं दादानं धरून ठेवलं होतं. साहेब येणार म्हणून त्यानं ओलं चिपाड नको म्हटलं. ओलं दबतं. वाळलेलं हलकं आणि खोल, नवा बर्फ असतो तसं. मागचं सगळं रान त्यानं वाळल्या चिपाडानं गुडघाभर भरून घेतलं. ते काम मी आणि आईनं केलं. बारदानही नको म्हणाला, साहेबांना टर्बो दिसला पाहिजे.

आणि बसणार मी नाही, तो.

“तुला न्हाय जमायचं, दादा. वळताना तुजा पाय निसटतोय.”

“पोरीनं चालवली तर साहेब म्हणतील सर्कस हाय. बोटं गेलेला जवान चालवतोय, हे दिसाय पायजे.”

“मग पडलास तर?”

“बांदून घेतो.”

चरक बैलांवर चालायचा तेव्हाच्या घुंगरमाळा घरात होत्या. दादानं त्यांचे घुंगरू काढले आणि चामडी पट्टे घेतले. दगडूमामानं त्याचे पाय फूटरेस्टला बांधले. बैल जुंपणाऱ्या माणसाला भीती असते ती गाठ सुटण्याची. सुटता येणार नाही ही भीती त्याला कधी नसते. मामानं निरगाठ मारली आणि ओढून बघितली. “आता देवबी सोडवणार न्हाय,” म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

साहेब आले. उंच, भला माणूस. आई दशम्या घेऊन आली. मामानं साहेबांना गाठलं आणि म्हणाला, “साहेब, राग मानू नका. सिगारेट-काडेपेटी असंल तर हितं माज्यापाशी द्या. हितं वाळलं चिपाड हाय.” साहेबांनी हसून दोन्ही काढून दिलं. आईनं गाडीला ओवाळलं नाही, निरांजन त्या रानाजवळ नको म्हणून. नुसतं हळदकुंकू लावलं. आबांनी नारळ फोडला तोही बांधाच्या पलीकडं. आमच्याकडं आग म्हणजे काडी, बिडी, निरांजन, चुलवाणातनं उडालेली ठिणगी. ते सगळं आम्ही लांब ठेवलं होतं. नुसतं लाल झालेलं लोखंड कुणाच्या मनात आलं नाही, आणि आमच्या घरात चुलवाणातल्या सळया रोज लाल व्हायच्या.

दादा सुटला तो पांढरा फवारा मागं उडवतच. पहिली फेरी तो असा फिरला की साहेब टाळ्या वाजवायला लागले. “शाबास, अंकुश!” आबा बांधावर ताठ उभे होते. तोंड गंभीर, पण हाताची मूठ उघडझाक करत होती. दुसऱ्या फेरीत टर्बोच्या शिट्टीचा आवाज बदलला. इंजिन ओरडत होतं आणि गाडी मात्र हळू होत होती. दादानं आणखी पिळलं. बर्फ आणि चिपाड दिसायला सारखं. पण बर्फ निसटून जातो आणि चिपाड गुंडाळतं. त्याचे लांब धागे पट्ट्याच्या आसाला वेटोळे घालत गेले आणि रानाच्या मधोमध गाडी खुंटीला बांधल्यासारखी थांबली. ओलं असताना ते असं कधी गुंडाळलं नव्हतं, जड होतं, खाली दबून राहायचं. बांधावरून मला टर्बो दिसला. भर उन्हात लाल दिसत होता. वर उडालेलं चिपाड सावकाश त्याच्यावर येऊन पडत होतं. मी “दादा” म्हणाले की नुसतंच ओरडले, आठवत नाही.

आबा समोरून गेले. मामा आणि साहेब वळसा घालून मागून. आबांनी एका पायाचा पट्टा कापला, मग दुसऱ्या. मला त्यांची पाठ दिसत होती. मामानं आणि साहेबांनी दादाला काखेत धरून मागं ओढलं. आबांचं धोतर तोवर पेटलं होतं. ते बाहेर आले ते चालत आले, पळत नाही. आई आणि मी हौदाकडं धावलो, कारण विहीर लांब आणि हौद जवळ. हौदात उसाचा रस होता. आम्ही घागरी भरभरून रस त्यांच्यावर ओतला. आग विझली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, ट्रॉली येईपर्यंत ते छपराखाली पडून होते. रसानं त्यांच्या अंगाला मुंग्या लागल्या. मी आणि आई पदरानं मुंग्या झाडत बसलो. कातडी जिथं राहिली होती तिथं झाडता येत होत्या. दुसरीकडं हात लावता येत नव्हता. लोक विचारतात त्या दिवसातलं काय आठवतं. मुंग्या आठवतात.

दवाखान्यात आबा शुद्धीवर होते. आईला म्हणाले, “काहील उतरवली का?” कुणीच उतरवली नव्हती. रस करपून काहिलीच्या तळाला कोळसा झाला होता. आई म्हणाली, “उतरवली.” “रंग?” “चांगला आलाय,” आई म्हणाली. आबांनी मान हलवली. दादाबद्दल ते काही बोलले नाहीत. राग असेल, नसेल. मी पुष्कळ विचार केला आणि सोडून दिला.

साहेब हाताला पट्ट्या बांधून दादाच्या खाटेपाशी आले. दादानं त्यांना पहिलं विचारलं ते गाडीचंच. साहेब म्हणाले, “अंकुश, हलक्या गाड्या वर आल्या आहेत. तू घरी गेल्यावर आल्या. बाहेरच्या देशातून.” दादानं विचारलं, “मग तुमी आला कशाला?” साहेब म्हणाले, “तुला बघायला आलो. तू इतक्या हौसेनं बोलावलंस, नाही म्हणवेना.” ते खोटं बोलले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता. दादा भिंतीकडं वळला. त्याचे भाजलेले पाय तसे वळताना दुखत असणार, तरी वळला.

पुढं गुऱ्हाळ लागलं नाही. चरक विकला. माझं लग्न जवळच्याच गावात झालं आणि आई गेल्यावर दादाला मी माझ्याकडं आणलं. तो गाडीबद्दल बोलत नाही. मीही त्याला विचारत नाही. त्याला जेवायला हाक मारली की येतो.

आगीत तिघं शिरले आणि एक आधीच आत होता. आबा त्याच आठवड्यात गेले. साहेब जगले. दगडूमामा जगला, पण त्याचा डावा हात पुन्हा उघडला नाही. दादा जगला.